बॅकअप आहे, पण रिस्टोअर कोण करणार?

आमच्या फ्लॅटवर एक गिटारवाला आहे. माझा कॉलेजपासूनचा मित्र. दिवसा जावा, रात्री ब्लूज. सोसायटीच्या चेअरमननी दोनदा नोटीस दिली तरी याचं चालूच. दोन वर्षांपूर्वी त्याला ऑनसाइट मिळालं, तेही नेमकं मेम्फिसला. बाकीची पोरं ऑनसाइटला गेली की नायगारा आणि न्यूयॉर्कचे फोटो टाकतात. हा पठ्ठ्या पहिल्याच लाँग वीकएंडला भाड्याची गाडी घेऊन हायवे 61 ने दक्षिणेला निघाला. मिसिसिपी डेल्टामधलं क्लार्क्सडेल हे त्याचं पंढरपूर.

परत आला तो तासन् तास बोलत सुटला. 61 आणि 49 हे दोन हायवे जिथे मिळतात तिथे खांबावर लावलेल्या निळ्या गिटारी, डेल्टा ब्लूज म्युझियम, तिथे आणून ठेवलेली मडी वॉटर्सची लाकडी खोली. 1941 साली अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क रेकॉर्डिंगचं अवजड मशीन घेऊन स्टोव्हॉल प्लँटेशनवर गेले आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या या माणसाचं गाणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. दोन वर्षांनी मडी वॉटर्स शेती सोडून शिकागोला गेला, गिटारला वीज जोडली आणि पुढे जगभर जे काही रॉक म्हणून वाजलं त्याच्या पायात हा माणूस आहे. 2025 मध्ये 'सिनर्स' बघून आलेल्यांना 1932 चं क्लार्क्सडेल थोडंफार माहीत झालं असेलच. व्हॅम्पायर सोडून बाकीचं खरं होतं म्हणे :-)

बोलता बोलता त्याने फोटो दाखवले. सपाट जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत पांढरा कापूस, मध्येच जिनिंगची जुनी पत्र्याची शेड, बाजूला गंजलेले रूळ. मी सहज बोलून गेलो, "अरे हे तर आमचं आंजी आहे!"

आंजी (मोठी) म्हणजे माझं गाव. वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागतं. काळी माती, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन.

त्यावर तो म्हणाला, "सही! मग तुमच्याकडची कापसाची गाणी कुठली?"

आणि मी गप्प बसलो.

खरं सांगतो, इंटरव्ह्यूमध्ये सोप्या प्रश्नाला अडकल्यावर जसं कानामागे गरम होतं ना, तसं झालं. मला रॉबर्ट जॉन्सनच्या 29 गाण्यांबद्दल याच्याकडून ऐकून ऐकून माहिती झाली होती. माझी आजी साठ वर्षं कापूस वेचत होती, आणि ती वेचताना काय म्हणायची हे मला माहीत नव्हतं.

हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

आधी थोडा हिशेब. आंजी आणि क्लार्क्सडेल हे मी नुसतं फोटो बघून जोडलेलं नाही. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. मग इंग्रजांना आपली काळी माती आठवली. मुंबईत पैशाचा पूर आला, भाव कधी नव्हे एवढे चढले. वर्धा जिल्हा वेगळा झाला तो याच काळात, 1862 साली. हिंगणघाटचा कापूस त्या व्यापारात आपल्या गावाच्या नावाने ओळखला जायचा. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. पुढे पुलगाव ते आर्वी छोटी लाइन आली, तीही कापसासाठीच. युद्ध संपलं, भाव कोसळले, पण कापूस राहिला आणि त्याच्यासोबत उधारीही राहिली. तिकडे गुलामगिरी कायद्याने संपली, तरी काळ्या माणसाच्या नशिबी बटाई आली. मालकाच्या दुकानातून वर्षभर उधार उचलायचं, शेवटी अर्धं पीक द्यायचं आणि हिशेब कधी आपल्या बाजूने लागत नाही हे निमूट बघायचं. आमच्याकडे सावकार आणि कृषी केंद्राची उधारी. दोन्हीकडचा माणूस एकाच बाजारभावाला बांधलेला. फरकही आहेत, आणि ते मोठे आहेत. तिथे वंशभेद कायद्यात लिहिलेला होता, आपल्याकडे जात कायद्याशिवायच काम करते. त्यामुळे 'सेम टू सेम' म्हणण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. पण दोन लांबचे चुलतभाऊ म्हणायला हरकत नसावी.

मग एका भावाचं गाणं जगभर गेलं आणि दुसऱ्याचं त्याच्या नातवालाही माहीत नाही, असं का?

याचं सोपं उत्तर लोक देतात ते असं, की त्यांचं दुःख मोठं होतं म्हणून गाणं मोठं झालं. मला हे अजिबात पटत नाही. दुःखातून गाणं आपोआप निघत असतं तर विदर्भाने एव्हाना जगाला शंभर गाणी दिली असती. 2006 साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्यात आमचा वर्धा होता. दुःखाचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. आणि ब्लूज हे काही नुसतं रडगाणं नाही. शनिवारी रात्री लोक दारू पिऊन नाचायचे त्यासाठीचं ते गाणं होतं. गाण्याला माणसं जमावी लागतात, रिकामा वेळ लागतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकायला येणारा कोणीतरी लागतो.

या तिसऱ्या गोष्टीवर मला बोलायचंय.

रॉबर्ट जॉन्सनची दंतकथा सगळ्यांना माहीत असते. चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार घेतली. मस्त स्टोरी आहे, टी-शर्टवर छान दिसते. पण खरी गोष्ट मला त्याहून भारी वाटते. हा मुलगा जुन्या वादकांच्या मध्ये लुडबूड करायचा, वाईट वाजवायचा, लोक हाकलून द्यायचे. हे सांगणारा सन हाऊस हा त्यातलाच एक जुना वादक. मग जॉन्सन गाव सोडून हेझलहर्स्टच्या बाजूला गेला. तिथे आईक झिमरमन नावाचा वादक होता. त्याच्याकडे राहिला, शिकला. दोघं रात्री दफनभूमीत जाऊन वाजवत बसायचे, कारण तिथे कोणाची झोपमोड होत नाही. परत आला तेव्हा सन हाऊस चाट पडला. म्हणजे सैतान वगैरे काही नाही, गुरू होता आणि रियाज होता. आपल्याला हे नवीन आहे का? इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरची गायकी शिकायला पायपीट करत उत्तरेला गेले आणि तिथून आणलेलं गाणं त्यांनी महाराष्ट्राला दिलं. पण गुरूघरी धुणी-भांडी करण्यापेक्षा सैतानाची कथा जास्त खपते, काय करणार.

आता दुसरी गोष्ट, जी मला मित्राने सांगितली आणि जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. हाच सन हाऊस 1943 मध्ये डेल्टा सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला. रेल्वेत नोकरी केली. गाणं सुटलं. त्याच्या 1930 च्या रेकॉर्ड मात्र काही वेड्या पोरांच्या हाती लागल्या होत्या. 1964 च्या जूनमध्ये तीन तरुण त्याला शोधत मिसिसिपीत उतरले. ते दिवस कसे होते बघा. त्याच महिन्यात, त्याच राज्यात, काळ्या लोकांच्या मताधिकारासाठी काम करणाऱ्या तीन तरुणांचा खून झाला होता. तशा दिवसांत ही पोरं दारोदार विचारत फिरली, आणि शेवटी कळलं की माणूस रॉचेस्टरला आहे. भेटला तेव्हा त्याने कित्येक वर्षं गिटारला हात लावलेला नव्हता. स्वतःचीच गाणी तो विसरला होता.

मग अ‍ॅलन विल्सन नावाचा जेमतेम विशीचा एक मुलगा त्याच्यासमोर गिटार घेऊन बसला. याने सन हाऊसच्या जुन्या रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकल्या होत्या. एकेक गाणं त्याने म्हाताऱ्याला वाजवून दाखवलं. तुम्ही हे 1930 मध्ये असं वाजवलं होतं, आणि हे 1942 मध्ये असं. म्हाताऱ्याची बोटं हळूहळू आठवायला लागली. पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, सन हाऊसची नवी रेकॉर्ड आली आणि त्यानंतर काही वर्षं तो पुन्हा स्टेजवर गायला.

शिष्याने गुरूला गुरूचंच गाणं परत शिकवलं. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर त्या पोराने बॅकअपवरून रिस्टोअर मारलं.

आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात ना, की ज्या बॅकअपवरून कधी रिस्टोअर करून बघितलं नाही तो बॅकअप नव्हेच. टेप कपाटात आहे, लेबल लावलेलं आहे, ऑडिटमध्ये हिरवी खूण आहे. आणि ज्या दिवशी सर्व्हर झोपतो त्या दिवशी कळतं की त्यातून काहीच उघडत नाही.

मराठी लोकगीतांचं आपण नेमकं हेच करून ठेवलंय असं माझं मत आहे.

बॅकअप आपल्याकडे जबरदस्त आहे, याबद्दल वाद नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांसोबत काम करून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांनी नुसती टिपणं काढली नाहीत, त्या बायकांना बोलतं केलं, एकत्र आणलं. 'पारी' या संकेतस्थळावर 2017 पासून त्या ओव्या आवाजासकट ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नावासकट. जगात असं काम फार थोड्या ठिकाणी झालं असेल. पण मला सांगा, तुमच्या ओळखीत गिटार, कीबोर्ड, ड्रम वाजवणारी किती पोरं आहेत? आणि त्यातल्या किती जणांनी एखाद्या गावात चार महिने राहून, एका बाईकडून, ओवी *गायला* शिकली आहे? गोळा करायला नाही, रील बनवायला नाही, शिकायला.

आता आमचा प्रयोग सांगतो. फजितीच आहे, पण सांगतो.

मागच्या दिवाळीत मित्राला घेऊन आंजीला गेलो. वेचणीचे दिवस. बायका कमरेला ओटी बांधून सकाळीच शेतात. आमच्याकडे वेचणी सुरू करताना शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात, ते त्याने बघितलं आणि डोळे मोठे केले. आजीचं आता वय झालंय, ती ओसरीवरच असते. मी म्हटलं, "आजी, तुही गाणे म्हनून दाखव नं. माह्या दोस्ताले आयकाचे हायेत."

"गाणे कायचे बापा? ते तं काम करतानी म्हनाचो. गाणे तं रेडिओवर रायते."

दोन दिवस मनवली. तिसऱ्या दिवशी म्हणायला लागली. मी मोबाइल पुढे धरला, मित्राने गिटार काढली. पाचव्या मिनिटाला गाडं अडलं. तो चार-चारच्या मात्रेत बसवायला बघत होता आणि आजीची ओळ कधी लांबायची, कधी मध्येच श्वास घेऊन थांबायची. त्याने मेट्रोनोम लावला. आजीने ते टिकटिक ऐकून विचारलं, "हे काय टोचून रायलं?" आणि तिची ओळच हरवली. "नाई आठवत बाप्पा आता. हात फिरला तं येते."

हात फिरला तर येते!

परसात जुनं जातं होतं. कित्येक वर्षं त्याच्यावर पाय धुवायची बादली ठेवलेली. ते धुतलं, मांडलं, खुंटा ठोकला. मित्र बसला जात्यावर, समोर आजी. दोन पायल्या ज्वारी दळायला काढली. अर्ध्या तासात त्याच्या हाताला फोड, पण ओव्या सुरू! जात्याचा एक फेरा, त्यावर ओळीचा एक तुकडा. श्वास कुठे घ्यायचा ते दगड ठरवतो. जे आम्हाला बेताल वाटत होतं त्याचा ताल आमच्या हातात नव्हता म्हणून वाटत होतं. मध्ये एका ठिकाणी आजी अडली, तर स्वयंपाकघरातून आईने पुढची ओळ म्हटली. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की माझ्या आईला ओव्या येतात. ती कधी बोलली नव्हती. आम्ही कधी विचारलं नव्हतं.

चौदा ओव्या झाल्या. वेचणीच्या वेळची दोनच आठवली. बाकीची, आजीच म्हणाली, तिच्यासोबत वेचायला जाणाऱ्या बायांकडे होती, आणि त्या आता नाहीत.

रात्री मी भावुक होऊन म्हणालो की ही जाती बंद पडायला नको होती. आजीने ज्या नजरेने बघितलं ती नजर मी विसरणार नाही. "तुले काय होते म्हनाले? पहाटी तीन वाजता उठून दळत होतो आमी. गिरनी आली तं बरं झालं."

बरोबर आहे. गाणं वाचावं म्हणून कोणाला जात्यावर बसवायचं नाही. 1944 मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन प्लँटेशनवर कापूस वेचायची यंत्रं पूर्ण पिकासाठी वापरली गेली, आणि तिथल्या वेचणाऱ्यांचं काम हळूहळू संपत गेलं. बडी गायने लहानपणी लुइझियानात कापूस वेचलाय. त्याला कोणी विचारलं, की परत वेचणार का, तर तो काय म्हणेल? पण तो मुंबईला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये 2011 मध्ये आला आणि मेहबूब स्टुडिओत आपल्याच पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हणजे काम गेलं तरी गाणं राहू शकतं. मात्र त्याला नवं घर लागतं, आणि घर बांधायला तरुण हात लागतात.

आपल्याकडे हे झालंच नाही असंही नाही. भीमगीतांकडे बघा. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली, गायली. विठ्ठल उमपांसारख्यांनी ती मोठ्या स्टेजवर नेली. ढोलकीवरून ऑर्केस्ट्रा झाला, ऑर्केस्ट्रावरून डीजे आणि रॅपपर्यंत गाडी आली. नागपूरला दीक्षाभूमीवर ऑक्टोबरमध्ये जाऊन या, म्हणजे जिवंत परंपरा कशाला म्हणतात ते कळेल. तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्या भागात अजून वाजते, कारण दर गावात भजनी मंडळ आहे आणि पोरगं बापाच्या मांडीवर बसून शिकतं. जिथे शिकणारा होता तिथे गाणं टिकलं. बायकांच्या गाण्याला शिकणारा मिळाला नाही. भुलाबाईची गाणी पोरी महिनाभर म्हणायच्या, आता ट्यूशन असते. आपण त्याला 'गाणं' म्हणून मोजलंच नाही. आजी स्वतःच मोजत नव्हती, तिथे आपलं काय.

एक धोकाही सांगून ठेवतो. तिकडेही सगळं गोड झालं नाही. ज्यांनी गाणी बनवली त्यांच्यापेक्षा ज्यांनी उचलली त्यांनी जास्त कमावलं. विली डिक्सनला लेड झेपेलिनवर 1985 मध्ये कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे तडजोड झाली. उद्या आपलं एखादं पोरगं ओवीवर बीट टाकून हिट देईल आणि खाली 'पारंपरिक' एवढंच लिहील. 'पारंपरिक' म्हणजे बहुतेक वेळा आपण नाव विचारलं नाही एवढाच अर्थ असतो. त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. शिकायला जा. मेम्फिसला जमलं तर तिकडेही जा, मित्राचं काहीच चुकलं नाही, उलट तो तिकडे गेला म्हणून मला माझं गाव दिसलं. पण शिकवणाऱ्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो तो भरून द्या. तिचं नाव लिहा. आणि तीन दिवसांत फ्यूजन काढू नका. रॉबर्ट जॉन्सनलाही परत यायला वर्षाच्या वर लागलं होतं.

मित्राचं सांगायचं तर त्याने तेव्हापासून आंजीला दोन फेऱ्या मारल्या. गिटार नेत नाही. आजी त्याला "गिरनीवाला" म्हणते. चौदापैकी सहा ओव्या त्याला येतात, उच्चार अजून पुणेरीच आहे आणि आजी त्यावर खदखदून हसते. दिवाळीनंतर तिचा आवाज आणखी बारीक झालाय. परवा फोनवर एक ओळ तिला आठवेना, तर यानेच इकडून म्हणून दाखवली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तिने पुढची ओळ उचलली.

मी बाजूला बसून ऐकत होतो. माझ्याकडे त्या चौदा ओव्यांची फाइल आहे, तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलेली. मला मात्र त्यातली एकही अजून पूर्ण म्हणता येत नाही. पुढच्या महिन्यात चार दिवस सुट्टी टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं तेव्हा 'फॅमिली फंक्शन' लिहिलं.

दळायला जातोय असं लिहायला हवं होतं.